आरसी बुकातली कमाई

रिठदच्या एखाद्या चालक-मालकाला विचारून पाहा, "भाऊ, मागच्या वर्षी गाडीनं किती कमावून दिलं?" तो एकदम आकडा सांगणार नाही. आधी टायरची जोडी कधी टाकली ते सांगेल, मग इंजिनाचं काम, मग सोयाबीनच्या हंगामात चांगली चाललेली गाडी श्रावणात किती दिवस झाडाखाली उभी होती ते. शेवटी "राह्यलं थोडंफार" म्हणून विषय संपवेल. तो काही लपवत नसतो. भाडं वेगवेगळ्या हातांनी येतं आणि खर्च रस्ताभर सांडत जातो, त्यामुळे शिल्लक किती हे त्यालाही नेमकं माहीत नसतं.

आयकर खात्याला मात्र हे कोडं पडत नाही. १२ टनांवरच्या गाडीचं एकूण वजन, म्हणजे मालासकट रस्त्यावर चालवायला मंजूर असलेलं वजन, आरसी बुकावर जितके टन लिहिलं असेल तितके हजार रुपये दरमहा, हे त्या गाडीचं उत्पन्न. २८ टनांची दहाचाकी असेल तर महिन्याला २८ हजार, वर्षाला ३ लाख ३६ हजार. ३५ टनांची बाराचाकी असेल तर ४ लाख २० हजार. १८.५ टनांच्या सहाचाकीचे २ लाख २२ हजार. गाडी किती पळाली, भाडं बुडालं की मिळालं, डिझेल काय भावानं भरलं, यातलं काहीही विचारलं जात नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४४एई ते हेच.

रिठद हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं गाव. भोवताली सोयाबीन, तूर, हरभरा. रिसोड आणि वाशीमच्या बाजार समित्या जवळ, तुरीला अकोल्याच्या डाळ गिरण्या, सोयाबीनला लातूरची बाजारपेठ, हळदीला शेजारचं हिंगोली. या सगळ्या मालाला चाकं लागतात. म्हणून या भागात शेतीच्या जोडीला गाडी हा धंदा तसा स्वाभाविक आहे. थोडे पैसे जमले, फायनान्स मिळाला, एमएच-३७ची पाटी लागली की माणूस मालक होतो. तो स्टिअरिंगवरही स्वतःच बसतो. ड्रायव्हर ठेवायचा म्हणजे पगार आणि भत्ता दोन्ही द्यायचे, तेवढं सुटत नाही.

अशा माणसानं स्वतःचं रिटर्न स्वतः भरावं का, आणि भरलं तर त्यात नेमकं काय भरलं जातं, हा या लेखाचा विषय. भरणं सोपं आहे. त्यात लिहिलेल्या आकड्याचा अर्थ समजणं तितकं सोपं नाही, आणि फटका बसतो तो तिथेच.

हे कलम १९९४ च्या वित्त कायद्यानं आलं, डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना. छोट्या मालवाहतूकदाराला वह्या ठेवायला लावणं म्हणजे त्यालाही त्रास आणि खात्यालाही, हे ओळखून एक अंदाजी रक्कम ठरवली. जड गाडीला महिन्याला २,०००, बाकीच्यांना १,८००. पुढे ती वाढत गेली. २०१४ मध्ये जड-हलका भेद काढून सरसकट प्रत्येक गाडीला ७,५०० रुपये केले. त्यात एक गंमत झाली. बोलेरो पिकअपवाला आणि अवाढव्य ट्रेलरवाला दोघांचं उत्पन्न सरकारदरबारी सारखंच, वर्षाला ९० हजार. अट फक्त दहापेक्षा जास्त गाड्या नसण्याची होती, त्यामुळे दहा मोठे ट्रेलर बाळगणाराही 'छोटा' ठरत होता. २०१८ च्या अर्थसंकल्पात हे बदललं. १२ टनांपर्यंतच्या गाडीला ७,५०० तसेच राहिले, त्यावरच्या गाडीला टनाला हजार लागले. योगायोग असा की त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं ट्रकच्या मंजूर वजनाची मर्यादाही वाढवली. २५ टनांची समजली जाणारी तीन आसांची गाडी आता साडेअठ्ठावीस टनांपर्यंत जाऊ लागली. माल जास्त भरता येणार म्हणून मालक खूश होते, पण नव्या वजनाची गाडी घेणाऱ्याचं अंदाजी उत्पन्नही त्यासोबत वाढलं. ज्या आकाराच्या गाडीचं उत्पन्न आधी वर्षाला ९० हजार धरलं जात होतं, ते दोन हंगामांच्या आत सव्वातीन लाखांच्या वर गेलं. भाडं काही त्या पटीत वाढलं नव्हतं.

या कलमाचे बारकावे चालक-मालकानं स्वतः वाचावेत असे आहेत. महिन्यातला एक दिवस जरी गाडी तुमच्या मालकीची असली तरी पूर्ण महिना धरतात. ३१ मार्चला गाडी उचलली तरी त्या वर्षाचा एक महिना लागतो. गाडी फायनान्सवर असली, हप्ते बाकी असले, तरी कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली, अपघातानंतर पोलीस ठाण्यात पडून राहिली, तरी महिने मोजले जातात, कारण कायद्यानं मालकी धरली आहे, वापर नाही. वाशीम-रिसोडच्या माणसाला हे सगळ्यात जास्त टोचतं. इथला माल हंगामाचा आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर सोयाबीन, मग तूर आणि हरभरा, आणि पावसाळ्यात शुकशुकाट. कायद्याच्या कॅलेंडरमध्ये मात्र बाराही महिने सुगी.

आणि सगळे खर्च त्या आकड्यात आधीच वजा झाले असं मानतात. डिझेल, टोल, टायर, विमा, फायनान्सचं व्याज, घसारा, क्लीनरचा पगार, काहीही वेगळं दाखवता येत नाही. बिलं जपून ठेवायची गरज नाही, हा त्यातला दिलासा. यातही एक खर्च असा आहे जो ना वहीत येतो ना कायद्यात, तो म्हणजे मालकाची स्वतःची ड्रायव्हरकी. रात्रभर गाडी चालवणाऱ्या परक्या माणसाला तुम्ही पगार दिला असता. तुम्ही स्वतः चालवली तर त्याची किंमत शून्य. एकट्याच्या नावावरचा धंदा असेल तर स्वतःला पगार देता येत नाही. भागीदारी संस्था असती तर भागीदारांचा पगार आणि त्यांच्या भांडवलावरचं व्याज या अंदाजी रकमेतून ठरावीक मर्यादेत वजा करता आलं असतं. एकच गाडी असणाऱ्याला त्यासाठी भागीदारी काढायला सांगणं हास्यास्पद आहे, पण तीन-चार गाड्या झालेल्या भावाभावांनी याचा विचार करायला हरकत नाही.

खरा हिशेब कसा पडतो तेही पाहू. वाशीमच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे भाडं ठरतं. निघताना अ‍ॅडव्हान्स मिळतो, त्यातूनच डिझेल भरायचं. माल भरताना हमाली, उतरवताना वाराई. ती कोणी द्यायची यावरून महाराष्ट्रात वाहतूकदारांनी वर्षानुवर्षं भांडण केलंय; 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही त्यांची घोषणा. काटा, ताडपत्री, टोल, वाटेतलं जेवण, पंक्चर. गाडी खाली झाली की सही-शिक्क्याची पोच घेऊन यायची, ती पोच दाखवल्यावर बाकी मिळते. कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं. पोत्यात घट आली तर त्यातून कापून. परतीचं भाडं मिळालं तर ठीक, नाही तर रिकामी गाडी डिझेल जाळत घरी. अ‍ॅडव्हान्स रोखीत देताना ट्रान्सपोर्टवाले एका दिवसात ३५ हजारांच्या आत का राहतात, याचंही कारण आयकरातच आहे. इतर धंद्यात एका माणसाला एका दिवशी १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च मान्य होत नाही, पण मालवाहतुकीच्या भाड्यासाठी ही मर्यादा ३५ हजार आहे. म्हणजे गाडीवाल्याच्या खिशात येणाऱ्या नोटांची जाडीही कायद्यानंच ठरवलेली आहे.

आता टीडीएस. ट्रान्सपोर्ट कंपनी किंवा कारखाना भाडं देताना १ टक्का कापून सरकारकडे भरू शकतो. एका खेपेचं भाडं ३० हजारांवर गेलं किंवा वर्षात एकाच पार्टीकडून एक लाखाच्या वर झालं की ही कपात लागू होते. पण ज्याच्याकडे वर्षात केव्हाही दहापेक्षा जास्त गाड्या नव्हत्या, त्यानं तसं लेखी घोषणापत्र आणि पॅन दिला तर कपात करायची नसते. १ जून २०१५ पासून ही तरतूद अशी स्पष्ट झाली आहे. एका कागदाचं काम. पुष्कळ गाडीवाले तो कागद देत नाहीत, कारण कोणी मागत नाही, आणि मागितला तर हे काय नवीन म्हणून टाळतात. पॅनच दिला नाही तर १ ऐवजी २० टक्के कापायचा नियम आहे. वर्षात २५ लाखांचं भाडं झालं आणि १ टक्क्यानं कापलं तर २५ हजार रुपये सरकारकडे जमा होतात. ते परत मिळवायचे तर रिटर्न भरावंच लागतं. शिवाय टीडीएस २५ हजार किंवा त्याहून जास्त झाला की उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न भरणं सक्तीचं होतं. कापलेलं सगळं २६एएस या कर-पत्रकात आणि वार्षिक माहिती विवरणात दिसतं. रिटर्न भरायला बसण्याआधी आयकर खात्याच्या पोर्टलवर ती दोन पानं उघडून पाहावीत. तिथं २५ लाखांचं भाडं आणि तुमच्या रिटर्नमध्ये ३ लाख ३६ हजारांचं उत्पन्न, असा फरक दिसला तरी घाबरायचं कारण नाही. ४४एई मध्ये तो फरक असणारच.

कर किती लागतो? बहुतेकांना काहीच नाही. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर जो कर निघतो तो सवलतीत माफ होतो. २८ टनांच्या तीन गाड्यांचं उत्पन्न होतं १० लाख ८ हजार. कर शून्य. चौथी गाडी आली की उत्पन्न १३ लाख ४४ हजार आणि कर, उपकर धरून, ८४,८६४ रुपये. एकदम खड्डाच म्हणायचा. त्या खड्ड्याच्या कडेला असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. दुकानदारासाठीच्या अंदाजी योजनेत आगाऊ कर १५ मार्चला एकाच हप्त्यात भरता येतो. ती सोय ४४एईला नाही. कर दहा हजारांच्या पुढे जाणार असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च असे चार हप्ते पाळावे लागतात, नाही तर व्याज लागतं. पहिला हप्ता १५ जूनचा, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. नेमक्या त्या दिवसांत इथल्या माणसाच्या हातात पैसा टिकत नाही.

रिठदसारख्या गावातली खरी अडचण फॉर्ममध्ये आहे. अंदाजी उत्पन्नासाठी आयटीआर-४ हा फॉर्म आहे, त्याचं नाव 'सुगम'. त्यात गाडीचा नोंदणी क्रमांक, मालकीची की भाड्याची, किती टनांची, किती महिने, एवढंच विचारतात. पण या फॉर्मची एक अट अशी की शेतीचं उत्पन्न ५ हजार रुपयांपेक्षा जास्त असेल तर तो वापरता येत नाही. वाशीम जिल्ह्यात गाडीवाल्याकडे शेती नसणं दुर्मीळच. दोन एकर सोयाबीन निघालं तरी ५ हजारांची मर्यादा ओलांडली जाते. मग नियमानं त्याला आयटीआर-३ भरावा लागतो. तो धंदेवाल्यांचा मोठा फॉर्म, पानामागून पानं. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. ते उत्पन्न दाखवल्यानं इथल्या बहुतेक गाडीवाल्यांच्या करात एका रुपयाचाही फरक पडत नाही, तरी फॉर्म बदलतो. परिणाम असा की जो तो शेतीच्या रकान्यात शून्य लिहितो किंवा बरोबर ५,००० लिहितो आणि सुगम भरून मोकळा होतो. शेतकऱ्याच्या पोरानं स्वतःची शेती कागदावर नाकारायची, ती कर चुकवायला नाही तर फॉर्म सोपा पडावा म्हणून. हा दोष त्या पोराचा नाही. ज्या देशात गाडीवाला आणि शेतकरी हा पुष्कळदा एकच माणूस असतो, तिथं फॉर्म बनवणाऱ्याला ते सुचायला हवं होतं. सध्या मात्र नियम आहे तो आहे. खोटं लिहिण्यापेक्षा मोठा फॉर्म भरणं बरं. पहिल्या वर्षी कष्ट पडतात, दुसऱ्या वर्षी तोच नमुना पुढे चालतो.

गावात याहून मोठी भीती वेगळीच आहे. 'रिटर्न भरलं की पीएम किसान बंद होते.' ही समजूत चहाच्या टपरीवर पक्की आहे. पीएम किसानचा नियम असा की मागच्या कर-आकारणी वर्षात ज्यानं आयकर *भरला*, तो अपात्र. शून्य कराचं रिटर्न दाखल करणं आणि कर भरणं यात फरक आहे. मात्र लाडकी बहीण योजनेचा नियम आणखी कडक आहे. तिथं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि ट्रॅक्टर सोडून चारचाकी वाहन कुटुंबात कोणाच्या नावावर नको. म्हणजे ट्रकमालकाची बायको तशीही बसत नाही, रिटर्न भरा की न भरा. यातली विसंगती बघा. गाडी हप्त्यांखाली दबलेली, वर्षाच्या शेवटी हातात काही नाही, पण कागदावर उत्पन्न ३ लाख ३६ हजार. दाखला काढायला तहसीलमध्ये गेलं तरी तोच आकडा पुढे येतो. नुकसान दाखवायचा हक्क कायद्यानं दिलाय, नाही असं नाही. वह्या ठेवा, सीएकडून ऑडिट करून घ्या आणि कमी उत्पन्न दाखवा. नव्या गाडीच्या पहिल्या वर्षी ३० टक्के घसारा आणि फायनान्सचं व्याज धरलं तर पुष्कळांचा खरा हिशेब तोट्यातच निघेल. पण जिथं कर शून्यच आहे, तिथं ऑडिटची फी भरून तोटा सिद्ध करायला कोण जाणार?

मग कर शून्य असताना रिटर्न भरायचं कशाला? रिठदपासून रिसोडपर्यंत कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: लोनसाठी. बँक आणि फायनान्सवाले दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात. पुढची गाडी घ्यायची असली की माणूस धावत ऑनलाइन सेंटरवर जातो. तिथं 'किती लाखांचं पाहिजे?' असा प्रश्न येतो. म्हणजे आधी कर्जाची रक्कम, मग त्याला शोभेल असं उत्पन्न. मागच्या वर्षाचं रिटर्न उशिरानं, दंड भरून. उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर तो दंड १ हजार असतो. हा मार्ग धोक्याचा आहे, आणि खातं पकडेल हा त्यातला लहान धोका. मोठा धोका हा की खोट्या उत्पन्नावर घेतलेल्या खऱ्या कर्जाचे हप्ते खऱ्या भाड्यातूनच फेडावे लागतात.

रिटर्नच्या सगळ्यात मोठ्या उपयोगाची चर्चा टपरीवर कोणी करत नाही, आणि तो मालकाच्या स्वतःच्या उपयोगाचा नाही. दुसऱ्या गाडीच्या चुकीनं अपघातात चालक-मालक गेला तर त्याचं कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातं. तिथं पहिला प्रश्न असतो, मयताचं उत्पन्न किती? सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या मलरविझी प्रकरणात म्हटलं की आयकर रिटर्न हा वैधानिक कागद आहे, उत्पन्न ठरवताना त्यावर विसंबता येतं. भरपाई मोजायची पद्धत २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी घालून दिली आहे. समजा, वय ३८, मागे बायको, दोन मुलं आणि आई असे चार अवलंबून. स्वतःचा धंदा असणारा ४० च्या आतला म्हणून उत्पन्नात ४० टक्के भर, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, आणि गुणक १५. रिटर्नवर ३ लाख ३६ हजार असतील तर हा आकडा ५२ लाख ९२ हजारांवर जातो. रिटर्नवर ५ लाख असते तर ७८ लाख ७५ हजार. लहान गाडीचे ९० हजार असतील तर १४ लाख १७ हजार ५००. रिटर्नच नसेल तर न्यायाधिकरण अंदाज करतं, आणि कागद नसलेल्याच्या बाजूनं अंदाज सढळ होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. विमा कंपनीचा वकील तर असंही म्हणणार की ट्रक अजून घरीच आहे, ड्रायव्हर ठेवून चालवा. कुटुंबाला मग सिद्ध करत बसावं लागतं की गाडीची कमाई वेगळी आणि त्या माणसाच्या कष्टाची वेगळी. आणि चूक स्वतःचीच असेल तर दाव्याचा हा रस्ताच बंद होतो. तेव्हा हाताशी राहतो तो मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा, आणि तोही घेतला असेल तरच.

४४एई हे कलम नीट वाचलं तर त्यात एक वाक्य आहे: टनामागे हजार रुपये, *किंवा प्रत्यक्ष मिळवलेली रक्कम, यातली जी जास्त असेल ती*. म्हणजे वजनाचा आकडा ही किमान पातळी आहे. खरंच जास्त सुटलं असेल तर जास्त दाखवायचं असतं, तसा कायदा आहे. आणि १२ लाखांपर्यंत कर शून्य असताना ते दाखवायला खर्चही नाही. तरी हजारातले नऊशे नव्याण्णव मालक कमीत कमी आकड्यावर सही करतात. सवय तशी लागली आहे. कर म्हणजे जितका लपवता येईल तितका चांगला. मला वाटतं, ही सवय जुन्या काळातली आहे आणि आता ती अंगाशी येते. पण जास्त दाखवायचं तर आधी ते माहीत हवं. तिथं पुन्हा वही लागतेच. कायद्यानं सोडून दिलेली वही ज्यानं स्वतःसाठी ठेवली, त्यालाच हे वाक्य वापरता येतं.

गाडी विकतानाही वही नसल्याचा फटका बसतो. ४४एईत घसारा वेगळा मिळत नसला तरी तो मिळाला असं धरून गाडीची पुस्तकी किंमत दरवर्षी ३० टक्क्यांनी खाली येत राहते. एप्रिलमध्ये ३५ लाखांना घेतलेली गाडी पाच वर्षांनी कागदावर ५ लाख ८८ हजारांची उरते. बाजारात ती १४ लाखांना गेली तर ८ लाख १२ हजारांचा अल्पमुदतीचा भांडवली नफा होतो. मालकाच्या मते त्यानं २१ लाखांचं नुकसान सोसून गाडी विकली, कायद्याच्या मते आठ लाख कमावले. एक गाडी विकली तर १२ लाखांच्या सवलतीत कदाचित बसेल. दोन विकल्या तर नाही. आणि हा नफा सुगममध्ये मांडताच येत नाही, पुन्हा आयटीआर-३. यातून सुटायचा कायदेशीर रस्ता आहे: जुनी विकणं आणि नवी घेणं एकाच आर्थिक वर्षात बसवा. नवी गाडी ३८ लाखांची असेल तर ती त्याच गटात मिळते, ५.८८ अधिक ३८ वजा १४, गटाची किंमत उरते २९ लाख ८८ हजार, आणि नफा उभाच राहत नाही. मार्चमध्ये जुनी विकून एप्रिलमध्ये, पाडव्याचा मुहूर्त साधून, नवी घेणाऱ्याचं गणित याच्या उलट होतं. मुहूर्त सांभाळायचा असेल तर जुनी विकायलाही थोडं थांबावं.

जीएसटीबद्दल थोडक्यात. बिल्टी फाडतो तो ट्रान्सपोर्टवाला, जीएसटीची कटकट त्याची. त्याला गाडी भाड्यानं देणाऱ्या मालकाची सेवा करमुक्त आहे, त्यामुळे बहुतेक चालक-मालकांना नोंदणी लागत नाही. पण नोंदणी नाही म्हणजे गाडी घेताना भरलेल्या जीएसटीची वजावटही नाही. म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा आणि टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो दिलासा या माणसाला खराखुरा आहे. राज्याचा व्यवसाय कर मात्र विसरला जातो. वाहतूक परवानाधारकाला तो लागू आहे, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. महाराष्ट्रात हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. याच जिल्ह्यात रोहयोच्या खडीवर काम केलेल्यांची मुलं आज तो कर भरतात किंवा भरायचा विसरतात.

वही-पावत्यांच्या बाबतीत अमेरिकेतल्या गाडीवाल्याचं काय? तिथं स्वतःची गाडी चालवणाऱ्याला प्रत्येक पावती जपावी लागते. जेवणासाठी मात्र त्याला दिवसाला ८० डॉलरचा ठरावीक दर धरता येतो, त्यातले ८० टक्के वजा होतात. निव्वळ नफ्यावर सुमारे १५.३ टक्के वेगळा स्वयंरोजगार कर भरावा लागतो, आणि त्यातून त्याला म्हातारपणी पेन्शन आणि वैद्यकीय विमा मिळतो. आपला गाडीवाला पावत्यांच्या जाचातून सुटला आहे, आणि पेन्शनमधूनही.

स्वतः भरायचं ठरवलं तर मोबाइलवरून होतं. पॅन-आधार जोडलेलं हवं, बँक खातं पोर्टलवर आधी पडताळलेलं हवं, नाही तर परतावा अडकतो. भरल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपीनं पडताळणी केली नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ई-मेल तुमचाच हवा. गावोगावी अशी कितीतरी खाती आहेत जिथं सेंटरवाल्याचा नंबर आहे. नोटीस त्याला जाते, परताव्याचा निरोप त्याला जातो, आणि गाडीवाला हैदराबादच्या वाटेवर असतो. खोट्या वजावटी घालून 'जास्तीचा परतावा काढून देतो' असं सांगणाराही तिथंच भेटतो. त्याचं कमिशन त्याला मिळून जातं, नोटीस मात्र पॅनवाल्याच्या नावानं निघते. पासवर्ड बदलून घेणं हे पहिलं काम, रिटर्न दुसरं.  २०२५ मध्ये ३१ जुलैची मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली, दरवर्षी जाईल असं नाही.

१ एप्रिल २०२६ ही १९६१ चा कायदा जाऊन आयकर अधिनियम २०२५ लागू होण्याची तारीख. नव्या कायद्यात 'मागील वर्ष' आणि 'कर-आकारणी वर्ष' हा घोळ संपून एकच 'कर वर्ष' आहे. ४४एईच्या जागी कलम ५८ आहे, तिथं दुकानदार, व्यावसायिक आणि गाडीवाला एकाच कलमात बसवले आहेत. टनाला हजार आणि लहान गाडीला साडेसात हजार हे दर तसेच ठेवले आहेत. २०१८ पासून ते हललेले नाहीत. ज्याला जुनी गाडी काढायची आहे, त्यानं त्याच आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चच्या आत नवीचंही बुकिंग नव्हे, पासिंग करून घ्यावं. आणि ज्याच्या घोषणापत्राचा कागद ट्रान्सपोर्टवाल्याकडे पोचलेला नाही, त्यानं तो लगेच द्यावा, कारण सोयाबीनची भाडी सुरू झाली की कपातही सुरू होते.